दालचिनीला आग्रह नको

आमच्या नातीने कोळी पाळला आहे, हे आम्हाला फिनिक्सच्या विमानतळावरून घरी जाताना गाडीत कळलं. चिरंजीवांनी ही बातमी मोठ्या कसबाने दोन वाईट बातम्यांच्या मधे दडवली होती. बाहेर त्रेचाळीस डिग्री आहे, ही पहिली. लोणच्याची बॅग मागेच राहिली आहे, उद्या येईल, ही तिसरी. लोणच्याच्या दुःखात कोळी निसटून जाईल असा त्याचा हिशेब असावा. पण हिचे कान तिखट.

"कोळी म्हणजे? जाळ्यातला?"

"जाळं नाही गं विणत तो. जमिनीत बीळ करून राहतो. थोडा मोठा असतो."

"थोडा म्हणजे?"

सूनबाईंनी पुढच्या सीटवरून मागे वळून हाताचा पंजा पसरून दाखवला. हिने पंजा नीट पाहून घेतला आणि विचारलं, "खातो काय?"

संसाराच्या ४३ वर्षांत हिने कुठल्याही नव्या जिवाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारला आहे. चिरंजीवांनी लग्न ठरवल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा मुलगी कुठली, शिकली किती, हे प्रश्न माझे होते. हिने एवढंच विचारलं होतं, "तिखट खाते ना?"

तर तो कोळी म्हणजे टॅरंटुला, आणि तो 'तो' नसून 'ती'. नाव सिनॅमन. हिने पहिल्याच संध्याकाळी त्याचं दालचिनी करून टाकलं. आठवड्याभरात ती चिनू झाली, आणि चिडल्यावर चिनूबाई. राहायची नातीच्या खोलीत, एका काचेच्या पेटीत. खाली वीतभर माती, कोपऱ्यात फुटक्या कुंडीचं अर्धं खापर, एक पाण्याची वाटी, वर जाळीचं झाकण. पेटी मातीने इतकी का भरली आहे, असं मी विचारलं. नात म्हणाली, ती उंचावरून पडली तर तिचं पोट फुटतं. पंजाएवढा, केसाळ, आठ पायांचा, बघताक्षणी माणसाची बोबडी वळवणारा प्राणी फूटभर उंचीवरून पडून मरू शकतो, हे ऐकल्यावर माझी भीती निम्मी झाली. उरलेली निम्मी अजून आहे.

दिसायला, खरं सांगतो, वाईट नव्हती. पाठीची ढाल गव्हाळ, पोट गडद तपकिरी, त्यावर भुरे लांब केस, कुणीतरी उन्हात वाळत घातलेल्या ब्रशासारखी. पाय पसरले की पाचेक इंच. आमटीच्या मोठ्या वाटीवर झाकण म्हणून नेमकी बसली असती. ही जात मूळची त्याच मुलखातली, ॲरिझोनाच्या वाळवंटातली. त्यामुळे चँडलर गावातल्या त्या घरात व्हिसा, ग्रीन कार्ड वगैरे भानगडींशिवाय राहणारी तेवढी एकच बाई होती.

वयाचं ऐकून तर मी बसलोच. या जातीची मादी वीस-पंचवीस वर्षं सहज जगते. नर बिचारा आठ-दहा वर्षांनी वयात येतो आणि त्यानंतर फार तर काही महिने. पावसाळ्यात (ॲरिझोनात त्याला मॉन्सूनच म्हणतात, आणि ढग आले की तिथले लोकही खिडकीशी उभे राहतात) हे उपवर नर बिळं सोडून रस्त्याला लागतात. टूसॉनकडे जाताना एक आम्ही पाहिला. भर रस्त्यातून, लगबगीने, पाय उचलून उचलून चालला होता, पहिलं स्थळ पाहायला निघालेल्या मुलासारखा. वधू आपल्या बिळात बसून असते, वर दारोदार. दाराशी जाऊन तो पायांनी टकटक करतो. पसंत पडला तर ठीक, नाही तर तीच त्याला खाते. पसंत पडला तरी कधी कधी खाते. चिरंजीवांनी गाडी थांबवून त्याला रस्ता ओलांडू दिला. जरा घाई कर, असंही मी त्याला मनातल्या मनात म्हटलं.

नातीचं या विषयातलं ज्ञान दांडगं. टॅरंटुला हे नाव मुळात इटलीतल्या टारांटो गावच्या भलत्याच कोळ्याचं. तो चावला की अंगातलं विष उतरावं म्हणून माणसाने नाचत सुटायचं, अशी तिकडची जुनी रीत. भारतात सह्याद्रीतही टॅरंटुला आहेत, हेही तिनेच आम्हाला सांगितलं. "आजी, तुमच्याकडचे जास्त चावरे असतात." इकडचे पोटावरचे केस उडवतात, खाजकुइलीसारखे, तिकडच्यांकडे ती सोय नाही, म्हणून ते थेट चावतात. हिला हे कोकणावरचं किटाळ वाटलं. मग नातीने फोनवर एक गर्द निळा कोळी दाखवला. आंध्रातल्या गुत्तीचा. १८९९ साली त्याची पहिली नोंद झाली, रानात आता अगदी थोडे उरले आहेत, आणि शौकीन लोक जगभर घरोघरी पाळतात. गुत्ती म्हटल्यावर मला तिथले मराठा सरदार मुरारराव घोरपडे आठवले. मी उत्साहाने सांगायला गेलो, तर नातीने विचारलं, "ते पण कोळी पाळायचे?"

जेवणाचा वार शनिवार. आठवड्यातून एकदा. हे ऐकून हिने भुवई उंचावली ती पुढचे दोन महिने खाली आली नाही.

त्या पहिल्या शनिवारचं सांगायला हवं. नातीने डब्यातून एक रातकिडा लांब चिमट्याने उचलला आणि पेटीत सोडला. हो, रातकिडा. तिथे दुकानात विकत मिळतात, जिवंत, बारा-तेरा रुपयांना एक. झुरळंही मिळतात. ज्या माणसाने पुण्यात उभा जन्म ओट्याखाली खडूच्या रेघा ओढण्यात घालवला, त्याला झुरळांची किंमत लावलेली पाटी वाचताना काय वाटलं असेल, ते वाचकांनी समजून घ्यावं.

रातकिडा मातीवर उतरला, मिशा हलवत थोडा फिरला. दालचिनी खापराच्या तोंडाशी दगडासारखी बसलेली. तिला डोळे आठ, पण उपयोग यथातथाच. आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखं. तिचं सगळं चालतं ते पायांच्या केसांवर. जमीन जरा थरथरली की तिला कळतं कोण आलं, केवढं आलं, कुठून आलं. रातकिडा चालत चालत तिच्या पुढच्या पायावर चढला. काही नाही. उतरला. काही नाही. पलीकडे गेला. मी चष्मा पुसायला काढला आणि तेवढ्यात काचेमागे 'टप्' असा आवाज झाला. चष्मा लावेपर्यंत रातकिडा तोंडात होता. चार महिन्यांत मी तिची शिकार सात वेळा पाहिली, म्हणजे सात वेळा हजर होतो. प्रत्यक्ष झडप एकदाही दिसली नाही.

पुढचं मात्र निवांत दिसलं. तोंडातला घास न सोडता ती पायाच्या टोकांवर उभी राहिली आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरू लागली. पोटाचं टोक मातीला टेकवत, मागून रेशमाचा पातळ धागा सोडत. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. पाळणारे लोक याला आनंदाचा नाच म्हणतात. ही बराच वेळ बघत होती. म्हणाली, "आनंद कसला, जेवायच्या आधी पाट मांडतेय ती. चित्राहुती घालतेय." आणि खरोखर, त्या रेशमी बसकरावर ती जेवायला बसली.

जेवण म्हणजे चावणं नाहीच. ती घासावर पाचक रस ओतते, आतलं सगळं पातळ होतं, ते ओढून घेते. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात एक काळपट गोळी पडलेली असते, विडा चघळून थुंकलेल्या चोथ्यासारखी. कधी ती गोळी पाण्याच्या वाटीत असते. वाटीत मातीही भरून ठेवायची तिला खोड होती. रोज सकाळी घासलेली वाटी रोज रात्री मातीने भरलेली. "भांड्याची कदर नाही," असं ही म्हणायची, पण घासायची हीच.

जुलैअखेर दालचिनीने जेवण सोडलं. एक शनिवार गेला, दुसरा गेला. रातकिडा पेटीत फिरतोय, तिच्या पाठीवरून जातोय, आणि ती नुसती पाय आखडून बसलेली. नात अगदी शांत. "ती खाईल तेव्हा खाईल. काही टॅरंटुला महिनोन् महिने खात नाहीत." आमच्या घरात हे वाक्य आजवर उच्चारलं गेलं नव्हतं. आमच्याकडे पाहुणा तिसऱ्या पोळीला नको म्हणाला तर त्याची तब्येत विचारतात. चौथीला नको म्हणाला तर काही रुसवाफुगवा आहे का, ते विचारतात. हिच्या माहेरी तर पानावर आडवा हात धरणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी वाढणारे काका होऊन गेले.

दोन दिवस विचार करून हिने निदान केलं. "श्रावण लागलाय. सोडलं असेल हिने." कॅलेंडर काढून पाहिलं, तर दालचिनीचा शेवटचा रातकिडा खरंच आषाढातला. त्यानंतर हिचा तिच्याबद्दलचा आदर दुणावला. आमच्यासारखी उपासाला साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू, वर केळ्याचं शिकरण, असली पळवाट नाही. कडकडीत.

आदर असला तरी काळजी जात नाही. त्यात ऑगस्टमध्ये चिरंजीव, सूनबाई आणि नात दहा दिवस अलास्काच्या बोटीवर गेले. माझा गुडघा आणि हिला बोट लागते, म्हणून आम्ही मागे. नातीने फ्रिजवर सूचनांचा कागद लावला, मराठीत, तिच्या शनिवारच्या मराठी शाळेच्या अक्षरात. पाणी रोज. पेटीत फुंकर मारायची नाही. हात घालायचा नाही. शनिवारी एकच रातकिडा, चोवीस तासांत खाल्ला नाही तर बाहेर काढायचा. ती उलटी पडली तर मेली नाही, कात टाकते आहे, कुणालाही फोन करायचा नाही. कात टाकताना आत रातकिडा अजिबात नको, कारण तेव्हा ती मऊ असते आणि रातकिडाच तिला कुरतडतो. आणि सगळ्यात शेवटी, खाली दोन रेघा मारून: "आजी, तिला आग्रह नको."

रातकिड्यांच्या डब्याबद्दल मात्र कागदात फक्त "गाजर द्या" एवढंच होतं, आणि तिथे हिला मोकळं रान मिळालं. रातकिडा जे खातो तेच पुढे कोळ्याच्या पोटात जातं, म्हणून त्यांना चांगलंचुंगलं खायला घालतात, हे हिने नातीकडून ऐकून ठेवलं होतं. हिने यातून सोयीचा अर्थ काढला. गाजर तर गेलंच. मग काकडीची साल, कोथिंबिरीच्या काड्या, भाकरीचा पापुद्रा. शुक्रवारी शितभर पुरण. "अहो, शेवटी चिनूच्याच पोटात जाणार ना. नाही म्हटलं तरी घरचं आहे." पंचवीस रातकिडे, विकत आणलेले, मरणासाठी आणलेले, पण दहा दिवस त्यांची जी बडदास्त राहिली ती आमच्या जावयाचीही दिवाळसणाला राहिली नव्हती. डबा उघडला की ते सगळे मिशा वर करून गाजराच्या दिशेने धावत. हिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते वाढप्याचं समाधान होतं. दालचिनी ते हिला कधीच देत नव्हती.

शनिवारी मी कागदाप्रमाणे एक रातकिडा सोडला, रविवारी न खाल्लेला परत काढला. सोमवारी रात्री अकराच्या सुमारास पाण्याची वाटी बघायला गेलो, तर दालचिनी उलटी. रेशमाची पातळ सतरंजी अंथरून त्यावर उताणी, आठही पाय वर, बाकी निश्चल. कागद पाठ होता, त्यामुळे मी घाबरलो नाही. नीट पाहिलं. आणि मग घाबरलो, कारण तिच्या डोक्यापासून चार बोटांवर एक टुमटुमीत रातकिडा मिशा हलवत उभा होता.

"अगं!"

ही दारात आली. पाहिलं. गप्प.

"कोणी सोडला हा?"

"एकच सोडला. संध्याकाळी. म्हटलं रविवारचा वाळका होता, हा जरा भरलेला आहे."

भांडायला वेळ नव्हता. चिमटा नातीच्या खणात सापडेना, म्हणून स्वयंपाकघरातला पापड भाजायचा चिमटा आणला. हिने टॉर्च धरला. सूचना अशी की पेटी हलता कामा नये, फुंकर नको, आणि तिला तर स्पर्शही नको. माझा हात सहसा थरथरतो. त्या रात्री तो थरथरला नाही, मी सबंधच थरथरत होतो, त्यामुळे हात त्यातल्या त्यात स्थिर वाटला. पहिल्या प्रयत्नात रातकिडा तिच्या दिशेनेच सरकला. हिने डोळे मिटून अथर्वशीर्ष सुरू केलं, आणि डोळे मिटल्यावर टॉर्च छताकडे गेला. दुसऱ्या खेपेला चिमट्यात माती आली. तिसऱ्या खेपेला रातकिडा सापडला, एका पायाला धरून बाहेरही आला, आणि मग तो पाय माझ्या चिमट्यात ठेवून बाकीचा रातकिडा दारातून उडी मारत स्वयंपाकघराकडे निघून गेला. फ्रिजखाली.

त्याच्यामागे जायची ताकद दोघांतही नव्हती. खुर्च्या ओढून आम्ही पेटीसमोर बसलो.

बारा वाजून गेल्यावर पाठीची गव्हाळ ढाल कडेने उचकटली, डब्याचं झाकण सैल व्हावं तशी. मग पाय. एकेक पाय जुन्या पायातून निघत होता. घट्ट बसलेल्या ओल्या मोज्यातून आपण पाय काढतो, तसाच, तितक्याच कष्टाने, मधेच दम खात. पायांपाठोपाठ दात. घशाचं अस्तरसुद्धा ती आतून बदलते म्हणे. हिने एकदा उठून चहा केला. दोनच्या सुमारास सगळं सुटलं आणि पेटीत दोन दालचिन्या दिसू लागल्या. एक पोकळ, चुरगळलेली. दुसरी तिच्याशेजारी निपचित, ओलसर, रंग गडद आणि तजेलदार, सुळे मात्र पांढरेशुभ्र, दुधाच्या दातांसारखे. हिने मान हलवली. "बाळंतिणीला असं उजेडात ठेवू नये," म्हणाली आणि टॉर्च विझवला.

सकाळी नातीला फोटो पाठवला. बोटीवर नेटवर्क आल्यावर तिचा फोन आला. आनंदाने किंचाळून झाल्यावर तिने आजीला बजावलं, "आता दहा दिवस तरी काही नाही द्यायचं. दात कडक व्हायचेत. पांढरे आहेत ते लाल होतील, मग काळे. मगच." ही एरवी वाद घालती. त्या दिवशी म्हणाली, "नाही गं देत. मला कळलं आता. इतके दिवस उपाशी होती ती उगाच नव्हती."

मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. माझं लक्ष मानेकडे होतं. रात्रीच्या खटपटीत दालचिनीचे दोन-चार केस कॉलरमध्ये गेले होते आणि मान पेटली होती. कुणी चिकटपट्टी लावून ओढा म्हणालं, कुणी थंड पाणी. हिने खोबरेल चोळलं. काही उपयोग झाला नाही, पण तेल थंड होतं.

त्या रात्री जेवायला पोळ्या, वांग्याची भाजी आणि लोणचं होतं. दोन पोळ्या झाल्या. हिने तिसरी पुढे केली. मी पानावर हात आडवा धरून म्हटलं, "नको, बास." या 'नको'चं आमच्या घरी एक ठरलेलं वजन आहे. त्यानंतर ही म्हणते, अर्धी तरी. मी म्हणतो, बरं, अर्धी. मग एक सबंध येते आणि तिच्यामागून तुपाची धार. ४३ वर्षांत यातला एकही शब्द कुणी गाळलेला नाही. त्या रात्री हिने पोळी शांतपणे डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि आपलं पान उचललं.

मी काही वेळ तसाच बसून राहिलो. लोणच्याची फोड संपवली. दोनदा खाकरलो.

मध्यरात्री जाग आली. घरात एसीच्या घरघरीपलीकडे आणखी एक आवाज होता, किर्र, किर्र, अगदी कोकणातल्या पडवीतला. ही अंथरुणात नव्हती. स्वयंपाकघरात दिवा. ही फ्रिजपाशी उकिडवी बसून गाजराची पातळ चकती बोटाने आत सरकवत होती.

"आला लगेच," ही कुजबुजली. "पाच पायांनी आला बिचारा."

मी ओट्यावरच्या डब्याकडे बघून म्हटलं, "ती मघाची पोळी आहे का गं?"

"तुम्ही नको म्हणालात ना?" ही मागे न वळता म्हणाली. "कुस्करा करून यांना घातली."